गेट आणि दवाखाना, एका क्वेरीत

वाळूजच्या आमच्या कारखान्यात गेटवरच्या हजेरीचा डेटाबेस वेगळा आणि कंपनीच्या दवाखान्याचा वेगळा. हा तुटकपणा मला कायम खटकायचा. मागच्या दिवाळीनंतर मी दोन्ही सर्व्हर जोडले आणि दोन्हीकडची माहिती एकाच क्वेरीत, म्हणजे संगणकाला विचारलेल्या एकाच प्रश्नात, आणून दाखवली. तेव्हा फार अभिमान वाटला होता.

एचआरच्या साहेबांनी लगेच विचारलं, "म्हणजे कंत्राटी लोकांत दवाखान्यात सारखं कोण जातं, ते निघेल?"

कंत्राटं नव्याने व्हायची होती. साहेबांना ते कशाला हवं होतं, हे मला न कळण्यासारखं नव्हतं. तरी मी यादी काढून दिली.

पुढच्याच आठवड्यात पॅकिंगमधल्या एका बाईने मला गेटवर अडवलं. ती लासूर स्टेशनहून यायची. तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं होतं.

"भाऊ, कम्प्युटरवाले तुम्हीच ना? लई आजारी पडते म्हणत्यात मला. मी तर त्या दवाखान्याचं दारबी पाह्यलं नाय!"

गेटवरचा वॉचमन हसला. "मावशी, तुम्हारा कार्ड बीमार पड्या होंगा."

तो थट्टा करत होता, पण झालं तेच होतं. काम सोडून गेलेल्याचं कार्ड कंत्राटदार नव्या माणसाच्या गळ्यात घालतात, नंबर तोच राहतो. हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं. तरी मी दोन्हीकडच्या नोंदी त्याच नंबरावर जोडल्या होत्या. आधीच्या माणसाचा दमा या बाईच्या नावावर चढला होता.

मी क्वेरीत अट घातली: कार्ड हातात आल्यानंतरच्याच नोंदी घ्यायच्या. बाईचं नाव गळलं.

"बोलवा तिला परत," साहेब म्हणाले. "आता यादी पक्की ना?"

"हो," मी म्हणालो.

पक्कीच होती. तिच्यात रंगखात्यातला एक कामगार होता, बजाजनगरमध्ये राहणारा. पहिल्या यादीतही तो होता, मी पाहिलं नव्हतं; रंगखात्याची कंत्राटं तेव्हा अजून व्हायची होती. आमचाच रंग फवारून त्याला खोकला जडला होता आणि आमच्याच सुपरवायझरने त्याला दवाखान्यात पाठवलं होतं. त्याच्या नोंदींत काहीच चूक नव्हती. त्याला काढलं.

ही बातमी रंगखात्यात पोचायला वेळ लागला नाही. आता क्वेरी दर महिन्याला आपोआप चालते, ती सोयही मीच केली. या महिन्यात यादी कोरी आली.

"बघा, सगळे ठणठणीत!" साहेब खूश होऊन म्हणाले.

दुपारी गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेत होतो. रंगखात्याची सुट्टी झाली होती. पोरं भिंतीकडे तोंड करून, रुमालात तोंड दाबून खोकत होती. मला पाहून एकाने रुमाल खिशात घातला आणि श्वास रोखून धरला. मी दूर जाईपर्यंत.

घोटभर चहा तोंडात होता, तो थुंकून टाकला. क्वेरी अजून चालूच आहे.