कांद्याचा शिक्का

हे मी कालपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. परदेशी पाहुणे यायचे होते म्हणून कंपनीच्या भिंतीबाहेरचा एका म्हाताऱ्याचा ‘देश’ मीच जेसीबीने सपाट करवला, आणि नाव ग्रामपंचायतीचं पुढे केलं.

तो निघोजे गावचा. शेत कंपनीत गेलं, एक तिकोनी तुकडा उरला, त्यालाच तो आपला देश म्हणायचा. तिथल्या त्याच्या टपरीवर चहाला गेलं की अर्धा कांदा शाईत बुडवून तो आमच्या हातावर प्रवेशाचा शिक्का मारायचा. “देशाला चार गोष्टी लागत्यात. जमीन, मानसं, कारभार हाय. शेजारच्या देशानं बोलाय यायचं तेवढं ऱ्हायलंय, राव!”

काल मी त्याच्याकडे जाऊन कबूल केलं. तो हसला. “टायरचे वण तुमच्याच गेटातनं आल्ते, सायेब. पर आलात न्हवं बोलाय? झाल्या चार!”

त्यानं हातावर शिक्का मारला. किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला मी.

जेसीबीने उखडलेले त्याच्या हद्दीचे तीन दगड मला अजून लावून द्यायचे आहेत.