ब्रायरचा ठोकळा

जठारपेठेपासून जवळच आमचं खरादाचं, म्हणजे यंत्रावर लाकूड फिरवून कातायचं दुकान होतं. पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, पोळपाट-लाटणी, सगळं अब्बा खरादावर काढत. त्यांची नजर अधू झाली तेव्हा खराद मी हातात घेतला. ती कपाशी बुडण्याची वर्षं होती. गावोगावची लग्नं पुढं ढकलली जात, त्यामुळं पलंग कोणी सांगत नव्हतं.

अशातच एक निवृत्त वनाधिकारी आले. नोकरी बरीचशी सेमाडोहकडच्या जंगलात झालेली, बोलणं मात्र अस्सल वऱ्हाडी. त्यांनी पिशवीतून मुठीएवढा लालसर ठोकळा काढला आणि शेजारी आपला तडकलेला पाईप ठेवला.

“हे ब्रायर हाय. समुद्रापारच्या एका झुडपाची गाठ. भावानं पाठवली. याच्यातून मले असाच पाईप पायजे. जमते का तुले?”

मी ठोकळा हातात घेतला. आकाराच्या मानानं तो जड होता. नखानं दाबला तरी ओरखडा उठेना. असं लाकूड मी पहिल्यांदाच पाहत होते.

“जमते,” मी म्हटलं.

जुन्या पाईपाचं तोंडाकडचं टोक काढून ठेवलं आणि बाकीचा पाईप मी मधोमध चिरून पाहिला. त्यांनीच परवानगी दिली होती. तंबाखू भरायची वाटी सरळ कोरलेली, आणि दांडीतून येणारं बारीक भोक वाटीच्या नेमकं तळाशी उघडत होतं. ते वर उघडलं तर खालची तंबाखू ओली राहणार, भलतीकडं गेलं तर लाकूड वाया. वाटी मी खरादावर कोरली. दांडीचं भोक मात्र हातगिरमिटानं, थांबत थांबत पाडलं. सळई घालून पाहिली. ती बरोबर तळाशी निघाली. त्या दिवशी मी दुपारचं जेवण विसरले.

बाहेरून कानस मारताना मात्र वाटीच्या एका अंगाला खड्डा उघडा पडला. गाठीतच दडलेला होता. बाकी सगळीकडं ज्वाळेसारख्या रेषा उठलेल्या, आणि इथं तो काळा डाग. अब्बांनी त्यावरून बोट फिरवलं.

“लाख भर दे, बेटा. पॉलिश के बाद कौन देखता?”

“अब्बा, इसमें आग जलनी है. लाख पिघलेगी.”

मी लहान गोल पटाशी घेतली आणि त्या अंगाला उभ्या, वेड्यावाकड्या चिरा कोरत गेले. खड्डा त्या चिरांमध्ये मिसळून गेला. ती बाजू सागाच्या सालीसारखी खरबरीत झाली. उरलेली बाजू गुळगुळीत घासून मेण लावलं, जुन्या पाईपाचं तोंडाकडचं टोक बसवलं.

साहेब आले तेव्हा मी खड्ड्याची गोष्ट आधीच सांगून टाकली. त्यांनी खरबरीत बाजूवर अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग बाहेर ओट्यावर बसून पाईप पेटवला.

“थंड येऊन राहिला धूर,” ते म्हणाले. “पहिल्याचा कडक येत जाय. आन् हे साल कावून कोरली, ते आता कोणाले सांगू नको. मुद्दाम कोरली म्हन.”

“मुद्दामच कोरली,” मी म्हटलं.

ते हसले. पुढच्या खेपेला त्यांनी अमरावतीच्या एका मित्रासाठी दुसरा ठोकळा आणला. “बिलकुल असाच पायजे,” म्हणाले. मी ठोकळा उजेडाकडं धरून फिरवला. याच्या रेषा आडव्या होत्या.

“असाच होनार नाही, साहेब. हे लाकूड येगळं हाय. याच्यातून ठेंगणा, रुंद पाईप निघन.”

“मंग तसा कर.”

त्या वर्षांत मी मोजकेच पाईप केले, पण एकही परत आला नाही. अब्बा प्रत्येक पाईप तयार झाला की हातात घेत, रिकामाच ओठांना लावून हवा ओढून पाहत आणि पसंतीनं मान डोलावत. नवखं गिऱ्हाईक त्यांच्याकडं वळून भाव-मुदत विचारू लागलं, की ते माझ्याकडं बोट दाखवत. “मिस्त्री ती आहे. तिला विचारा.”