अण्णांची गोष्ट अजून अर्धी आहे

सगळ्यांच्या आधी आले ते खुद्द अण्णाच, आणि त्या दिवशी नेमके त्यांनीच यायला नको होते! गौरवग्रंथाची मंडळी दुपारी माझ्याकडे घाटनांदूरला येणार होती, अण्णांबद्दल चार ओळी लिहून मागायला. अण्णांना पत्ता लागू द्यायचा नाही असं ठरलेलं. मी अंगण झाडून सतरंजी टाकली, नातसून मनीषानं पोहे भिजवले, आणि दारात बघते तर केजच्या गाडीतून उतरलेले अण्णा, मागं त्यांच्या पत्नी शालिनीवहिनी.

"पारूबाई, एवढी झाडझूड कावून? पाव्हणे येनार हाईत का?"

"तुमी आलाव की! आन कोन यायचंय?"

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं.

ज्यांना दिगंबरअण्णा माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. अण्णा लेखक आहेत, पण कुणाच्या दारात उभे राहिलेले लेखक नाहीत. स्वतः लिहायचं, स्वतः छापून आणायचं आणि वडवणीच्या बाजारात मिरच्यांच्या शेजारी पोतं अंथरून विकायचं. गिऱ्हाईक पुस्तक उघडून शिंकलं की म्हणायचे, "बघा, आमचं लिखाण किती तिखट हाय!" यंदा त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत.

त्यांची माझी ओळख चारा छावणीतली. दुष्काळ असा, की विहिरीत वाकून हाक मारली तर आपलाच आवाज कोरडा होऊन वर यायचा. सहकारी संस्थेनं माळावर छावणी काढली होती. जनावरं तिथं, म्हणून आम्हीही तिथंच, ताडपत्रीखाली संसार मांडून. उसाचे वाढे आले की जनावरांना टाकायचे, आणि मग धुळीकडं बघत बसायचं. एका दुपारी उन्हातून एक गृहस्थ चालत आले, खांद्याला पिशवी, हातात कागद. झालं! जनावरं मोजायला साहेब आले म्हणून बायांनी बसलेल्या गायी शेपट्या पिळून उठवल्या, कानातले बिल्ले पदरानं पुसले. मी तर म्हशीचं तोंड धुतलं, तेही पिण्याच्या पाण्यानं.

"मी मोजायला न्हाई आलो," ते म्हणाले. "गोष्ट वाचायला आलोय."

"कुनाला?"

"जो ऐकंल त्याला."

आमच्या सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "मंग म्हशीला वाचा. तिला दुसरं काम न्हाई."

अण्णा खरंच म्हशीपाशी बसले आणि वाचायला लागले!

त्यांची एक रीत होती. छापायच्या आधी प्रत्येक पान ते छावणीत वाचायचे. जनावर हंबरलं म्हणून बाई उठली तर काही नाही. पण जनावर गप असताना बाई उठली, की पानावर पेन्सिलीची आडवी रेघ! "हितं तुमाला कंटाळा आला," म्हणायचे, आणि ते पान घरी जाऊन नव्यानं लिहायचे. एवढा मान आम्हाला कुणी दिला नव्हता. ते वाचत असले की जनावरांचं रवंथ चालू असायचं आणि त्या आवाजावर शब्द तरंगत यायचे. मी कधी न पाहिलेल्या नद्या ताडपत्रीखालून वाहत जायच्या, त्यांच्या काठानं झाडं चालायची. डोळा लागायचा, पण कान जागा असायचा. त्यातलं अण्णांनी काय वाचलं आणि मला स्वप्नात काय दिसलं, ते आजही मला वेगळं करता येत नाही. करावंसंही वाटत नाही.

मी कुठं चालले बघा! चेअरमनसाहेबांचं सांगायचं राहिलं. छावणीवरचं पुस्तक संस्थेच्या खर्चानं छापतो, असं ते अण्णांना म्हणाले, फक्त एक पान काढा. त्या पानावर एक म्हातारी म्हणते, की चारा उशिरा येतो आणि येतो तो वाळलेला. अण्णा म्हणाले, "ते बोलणं माझं नाही. जिचं आहे तिला विचारतो." ती म्हातारी म्हणजे आमच्या सासूबाई! अण्णा उन्हातून त्यांना विचारायला आले. सासूबाई म्हणाल्या, "काढू नगा. पर चेअरमनला एकदा माज्याकडं च्या प्यायला धाडा." चेअरमन आले नाहीत. अण्णांनी पुस्तक आपलं आपण छापलं, पातळ कागदावर, त्या पानासकट.

ऊसतोडीला निघालेल्या बायांनाही अण्णा पुस्तकं द्यायचे. आमच्या थोरल्या लेकीनं नेलेलं पुस्तक परत आलं ते धुरकटून, पानं चिकट झालेली. ती लाजून उंबऱ्याबाहेरच थांबली. अण्णांनी ते नाकाला लावलं. "आत्ता कुठं हे कुणी वाचल्यासारखं वाटतंय," म्हणाले, आणि तिला दुसरं दिलं, कोरं करकरीत.

आता त्या दुपारचं. मंडळी आली, अण्णांना बघून दारातच थबकली. अण्णांनी ओळखलं.

"माझ्या सत्काराची बैठक दिसतीय. नगं. ज्याची गोष्ट अर्धी राहिली त्याचा गौरव कसला?"

ती गोष्ट म्हणजे चंद्रा नावाच्या मुलीची. दुष्काळात पाणी शोधायला निघालेली पोर कोरड्या नदीत येते आणि वाळूला कान लावून निजते. तिथवर अण्णांनी आम्हाला वाचून दाखवलं, आणि पुढं त्यांच्या डोळ्यांनी साथ सोडली. कागदावरची ओळ दिसेना. दोन पावसाळे झाले, चंद्रा तशीच निजलेली आहे. मी मेल्यावर गोष्ट पुरी झाली तर मला काय उपयोग?

मी म्हणाले, "अण्णा, डोळे गेले, तोंड तर हाय ना? तुमी सांगा, आमची मनीषा लिहील. आमी ऐकाय बसतो."

"सांगून लिहिणं मला येत न्हाई, पारूबाई. हात चालल्याबगर डोकं चालत न्हाई."

"यांचा हट्ट तुमाला माहीत न्हाई," वहिनी म्हणाल्या. "घरी मी हेच म्हणते, तर उठून अंगणात जातात."

"हितं अंगणातच हाईत ते! आता कुटं जातील?" मी म्हणाले.

मंडळी हसली. अण्णा हसले नाहीत. पोह्यांची बशी खाली ठेवून डोळे मिटून बसले. लिंबाची सावली त्यांच्या पायावरून सरकत सतरंजीच्या काठाला गेली. आम्ही कुणी हललो नाही. मग हळूच म्हणाले, "लिही पोरी. चंद्रानं तो कान काढला, आणि दुसरा लावला."

मनीषानं लिहिलं. वहिनींनी डोळे पुसले. मला तर वाळू गार लागली, खरंच सांगते.

तेव्हा मंडळींनो, शाल-श्रीफळ द्या, पण त्यांचं लिखाण पुरं झालं असं समजू नका. अण्णांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, चंद्रा म्हातारी होईस्तोवर लाभो, आणि वहिनी त्यांच्या शेजारी असोत. गाडीत चढताना दोघांनीही कबूल केलंय: येत्या शनिवारी, सकाळच्या गाडीनं, पुन्हा येणार आहेत.