मास्तरांच्या घरातले पाहुणे

फालेसीचं हसू सातासमुद्रापार गाजलं होतं. ‘हसरी शाळा’ नावाच्या संस्थेच्या कॅलेंडरवर ती दोन गोऱ्या पोरींच्या मधे उभी राहून दात काढतेय, आणि खाली लिहिलंय म्हणे, की या बाईच्या आयुष्यात उजेड आला. खरी गोष्ट अशी, की त्या दिवशी एका पोरीनं न्सिमा घाटायला घेतला. मक्याचं पीठ घट्ट झालं तसा चाटू तिला हलवता येईना न् भांड्यातून काढताही येईना. ती चाटूला लोंबकळली, त्याचं हसू होतं ते. पण छापून आलंय म्हणजे उजेडही आलाच असेल. आपण कोण नाही म्हणणार.

फालेसीचा नवरा जोहान्सबर्गला खाणीत गेला तो तिकडचाच झाला. पदरी एक मुलगी, एस्नार्ट. फालेसी स्वतः दुसरीपर्यंत शिकलेली, त्यातलं निम्मं वर्ष धाकट्या भावाला पाठीशी बांधून. एस्नार्टनं आठवीची सरकारी परीक्षा पास करावी आणि तालुक्याच्या मोठ्या शाळेत जावं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. म्हणून तर म्पाले गावानं मास्तरांसाठी घर बांधायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात जास्त चिखल तिनंच तुडवला. राहायला घर नसेल तर सरकारी मास्तर गावात टिकत नाही, हे आमच्याकडे शेळीलाही ठाऊक आहे. बायकांनी पाणी वाहिलं, विटा पाडल्या, बाप्यांनी लाकडं तोडून भट्टी लावली. दोन खोल्या, वर पत्रा, पुढं छान ओसरी.

मास्तरांची खाट यायच्या आधीच संस्थेची गाडी आली. आतून दोन गोऱ्या पोरी उतरल्या, फुकट शिकवायला. गावप्रमुख चिसाले म्हणाले, “पाहुणा म्हणजे सकाळचं दव. ऊन चढलं की उडून जातं. तोवर राहू द्या त्यांना नव्या घरात. विस्टन मास्तर येतील चार दिवस सायकलवर.”

प्रमुखांचं बरोबरच होतं. फक्त हे दव दर महिन्याला नव्यानं पडायचं. जुन्या पोरी शुक्रवारी पोरांच्या गळ्यात पडून रडत जायच्या आणि सोमवारी नव्या पोरी हसत यायच्या. आयत्या बिळात नागोबा शिरतो तो निदान एकच असतो.

नवी जोडी आली की शिकवणं पहिल्यापासून सुरू. तांबडा, पिवळा, निळा. हे नाक, हा कान. आठवीतल्या पोरांना मिसरूड फुटलेलं, तीही आपापल्या नाकाला बोट लावून उभी. पोरं संस्कारांची. एकदम बरोबर सांगितलं तर पाहुणीला करायला काय उरणार? म्हणून आधी दोनदा चुकायची, मग हळूच बरोबर सांगायची. पाहुणीच्या डोळ्यांत पाणी यायचं. ती टाळ्या वाजवायची आणि फोटो काढायची. विस्टन मास्तर मागच्या बाकावर बसलेले, स्वतःच्याच लग्नात वाढपी केल्यासारखे.

फालेसी त्या घरात स्वयंपाक करायची. मीठ, साबण, एस्नार्टचा गणवेश त्यातूनच निघायचा. सुरुवातीला तिचाही तोरा काय सांगावा. पाणवठ्यावर म्हणायची, “माझी पोर बघाच, मडमेसारखी बोलेल.” बोलायलाही लागली. ‘पुन्हा भेटू’ हे तिला पाच भाषांत येत होतं. अपूर्णांक मात्र एकाही भाषेत येत नव्हते.

पावसाळ्याच्या तोंडावर विस्टन मास्तर स्वयंपाकघराच्या दारात आले.

“एस्नार्टच्या आई, मी बदलीचा अर्ज लिहितोय.”

फालेसीच्या हातातली भोपळ्याची पानं तशीच राहिली. “का हो मास्तर?”

“पाऊस लागला की नदी सायकल ओलांडू देत नाही. मागल्या वर्षी सायकल गेली, यंदा मी जाईन. इथं घर असतं तर पहाटे, सांजेला पोरांना घेऊन बसलो असतो. पाहुण्यांच्या वेळेला धक्काही लागला नसता.”

“आणि आठवीचं काय?”

“आठवीला रंग येतात की.”

त्याच दिवशी ती प्रमुखांच्या अंगणात जाऊन गुडघ्यांवर बसली, रीतीप्रमाणे टाळी वाजवून मान खाली घातली आणि विषय काढला. प्रमुख कळवळले. “अगं, पाहुण्याला ऊठ म्हणायचं? माझ्या तोंडानं?”

“मग मी म्हणू माझ्या तोंडानं?”

“तुझ्या तर मुळीच नको. तुझं तोंड कॅलेंडरवर आहे.”

संस्थेचा गावाकडचा साहेब म्हणजे लॅक्सन, आपल्यातलाच, पण बूट घातल्यापासून कमी ऐकू यायचं त्याला. तो म्हणाला, “मावशी, ते घर संस्थेच्या पुस्तिकेत आहे.”

“विटा आमच्या आहेत, बाबा.”

“पण फोटो आमचा आहे.”

फालेसी घरी आली आणि दोन दिवस गप्प राहिली. ती गप्प राहिली की शेजारणी शेळ्या बांधून ठेवतात, काहीतरी होणार म्हणून.

त्या महिन्याची पाहुणी होती फेम्के. सोबत तिची मैत्रीण. फेम्के मनानं चांगली, मांजरालाही ‘आभारी आहे’ म्हणायची. चुलीपाशी बसून तिनं विचारलं, “फालेसीआई, इथलं खरं जगणं कसं असतं?”

फालेसीनं मोठा उसासा सोडला. “पोरी, पत्र्याखाली राहून तुला ते कसं दिसणार? हे तर मास्तरांचं घर. गाव म्हणजे गवताचं छप्पर, मातीची जमीन, उशाशी कोंबडी.”

“तुमचं घर तसं आहे?”

“त्याखेरीज माझ्या घरात दुसरं काही नाहीच.”

रात्रीचं जेवण होईपर्यंत ही कल्पना फेम्केची स्वतःची झाली होती. मैत्रिणीनं डासांचं नाव काढलं, तेव्हा फेम्के म्हणाली, “आपण इथं आलो तरी कशाला मग?” लॅक्सन धावत आला. नियम, विंचू, विमा असं बरंच बोलला. तोवर फेम्केनं फालेसीच्या झोपडीचा फोटो संस्थेला पाठवलाही होता, आणि सकाळी लॅक्सनच्या वरच्या साहेबाचा फोन आला, की असा फोटो आजवर कुणी पाठवला नाही, पुढच्या सगळ्या पोरींना तिथंच ठेवा. लॅक्सनला एकाएकी नीट ऐकू यायला लागलं.

अशा रीतीनं कुणीही कुणाला ऊठ म्हणालं नाही. पाहुण्या आपण होऊन उठल्या, आनंदानं, स्वतःच्या पिशव्या स्वतः उचलून. विस्टन मास्तरांची खाट बैलगाडीतून आली. प्रमुखांनी चार माणसांत सांगितलं की हे असं होणार हे त्यांना माहीतच होतं. आणि फालेसी लेकीला घेऊन झोपडीशेजारच्या स्वयंपाकाच्या खोपटात झोपायला गेली. तिथं पाय लांब केला की चुलीला लागतो.

चार दिवसांनी पहाटे फेम्के डोळे चोळत खोपटापाशी आली. मास्तरांच्या ओसरीवरून पोरांचा एका सुरातला आवाज येत होता.

“हे काय चाललंय?”

“प्रार्थना,” फालेसी म्हणाली.

“रोज इतक्या लवकर?”

“आठवीत गेलं की माणूस देवभोळा होतो.”

“किती सुंदर. मी फोनमध्ये घेऊ?”

“देवाला फोटो आवडत नाही, पोरी. जा, झोप.”

फेम्के छातीवर हात ठेवून, भारावून परत गेली. ओसरीवरचा सूर मधेच तुटला. मास्तर ओरडले, “एस्नार्ट! खालचे छेद सारखे न करता वरची बेरीज आधी? डोकं कुठंय तुझं? पुन्हा कर.”

कितीतरी दिवसांत शाळेत एस्नार्टला कुणी रागावलं नव्हतं. जो येई तो ‘वा, वा’च म्हणे. फालेसीनं धुरानं भरलेले डोळे पुसले, रताळी पातेल्यात सोडली, आणि मास्तर अजून काही बोलतात का म्हणून कान देऊन बसली. बोलले. चांगलंच बोलले.