आकाशावरची रेघ

स्टुटगार्टच्या त्या घरात जिन्याच्या भिंतीवर जलरंगातली चित्रं टांगलेली होती आणि प्रत्येक चित्रातल्या आकाशावर एक आडवी, ठसठशीत रेघ होती. आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला, "हात कच्चा आहे बाईंचा. टिपिकल ॲमॅच्युअर." ह्यांचा विषय इंजिनं; पीएच.डी.साठी आम्ही तिथे गेलो होतो. चित्रकला शिकलेली मी. पण मत ह्यांनी द्यायचं.

चित्रं होती घरमालकीणबाईंच्या आईची. व्हिक्टोरिया राणीच्या काळात ती इंग्लंडहून लग्न होऊन इथे आली. घरात खोल्या भरपूर, पण तिला रंग घेऊन बसायला एकही नाही. मग ती जिन्यातल्या खिडकीत बसायची, समोर द्राक्षांचे मळे. वरच्या-खालच्या मजल्यांवरच्या शेजाऱ्यांनी तक्रार केली, जिन्यात पाणी सांडतं. तेव्हा नवऱ्याने तोडगा काढला. तिकडे जिना झाडण्यापुसण्याची आठवड्याची पाळी असते, केअरवोखे म्हणतात. तिने आपली पाळी असेल त्याच आठवड्यात तिथे बसायचं. आधी जिना पुसायचा, मग चित्र.

"वडील फार समजूतदार होते," घरमालकीणबाई म्हणाल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणि मध्येच घरातून हाक आली तर?" मी विचारलं.

"आल्झो, अर्थातच उठायची. नाहीतर सूप कोण वाढणार?"

तेव्हा कळलं ती रेघ कशाची. जलरंगातलं आकाश कागद ओला आहे तोवर एका दमात उतरवावं लागतं. मध्ये उठलं की रंग सुकून कड धरतो आणि ती कड काही केल्या जात नाही. तिला चित्र उत्तम येत होतं, मेल्यांनी बसू दिलं नव्हतं. आणि वर हात कच्चा तिचा! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. मी तणतणत वर जाऊन ह्यांना सगळं सांगितलं.

"असेल, असेल," हे पुस्तकातून मान वर न काढता म्हणाले.

पुढे आमची पाळी आली. मी जिना पुसला, बादली बाजूला सारली आणि कागद घेऊन त्याच खिडकीत बसले. लग्नानंतर ब्रश हातात धरला तो त्या दिवशी. निळा रंग वरून खाली ओढत होते, आकाश निम्म्यावर आलं होतं, तेवढ्यात वरून आवाज आला.

"अगं, इन्स्टिट्यूटमधले दोघं आलेत. चहा टाकतेस ना?"

कागद ओला होता.

"अहो, चहाची पूड निळ्या डब्यात आहे," मी खालूनच ओरडले.

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही टाका!"

पाहुण्यांसमोर शोभा केली म्हणून संध्याकाळी बोलणी खाल्ली. मीही चार सुनावली. पण त्या क्षणी वर फक्त एक पातेलं आपटलं, कुणीतरी हसलं, पुन्हा माझ्या नावाने हाक आली. मी उठले नाही. रंग मळ्यांपर्यंत सलग खाली आणला.

ते चित्र अजून माझ्या भिंतीवर आहे. मळे धड जमलेले नाहीत. आकाशावर रेघ मात्र नाही.