आडनाव कळलं, नाव कळेना

आमच्या ग्रुपचे किस्से मी कधी मुद्दाम जमवले नाहीत. फोटोवरून स्किपर फुलपाखरू ओळखायला बसा, किस्से आपोआप साचतात! तपकिरी रंग, जाडं पोट, पंखांवर चार पांढरे ठिपके. सगळी मेली सारखीच!

रविवारी आम्ही तिघं चिखलीहून कॅमेरे घेऊन निघतो. कापड दुकानवाले सलीमभाई, एसटीतले कंडक्टर गजाननभाऊ आणि मी, शाळामास्तर. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पुण्याच्या फुलपाखरू-अभ्यासक मॅडमना जातात. त्या उत्तर देतात आणि आमचा गोंधळ वाढतो.

सलीमभाईंना एकच ध्यास. दुकानात गल्ल्यामागे आपण काढलेला फुलपाखराचा फोटो लागावा, खाली त्याच्या नावाची पाटी. भाभींनी भिंत दिली, पण बजावलं, "नाव पुरं पाहिजे! नाही तर ईदले मी तिथं घड्याळ लावतो."

*

पहिल्याच फोटोला उत्तर आलं, 'स्विफ्ट एसपी.'

सलीमभाईंनी सगळ्यांना चहा पाजला. "मॅडमनं आपल्या फुलपाखराले डायरेक्ट एसपी केलं!"

मॅडमनी मग समजावलं, एसपी म्हणजे स्पीशीज; 'स्विफ्ट' हे आडनाव कळलं, पुढचं नाव कळत नाही. तोवर चहा पिऊन झाला होता.

*

एकदा निरोप आला, 'पंखाची खालची बाजू दाखवा.'

गजाननभाऊ जळगाव जामोदजवळ शेताच्या धुऱ्यावर झुडपाखाली उताणे झोपले. शेतातली माणसं धावत आली. "काय चावलं बे?"

"काही नाही, खालची बाजू पाहून राह्यलो!"

फोटोत नुसतं आभाळ. मॅडम म्हणाल्या, "अहो, पंख मिटले की बाहेरून दिसते तीच खालची बाजू. वरची आत असते!"

हे मला अजून कळलेलं नाही.

*

दुसरबीडला एक स्किपर इतकं शांत बसलं, की मी पोटभर फोटो काढले.

"सर, हे वाळकं पान आहे," मॅडमचं उत्तर.

गजाननभाऊ म्हणाले, "पानाचं तरी पुरं नाव सांगा म्हणा!"

*

मग एक पिवळसर स्किपर सापडलं, 'डार्ट' आडनावाचं. सलीमभाई खूश! मॅडम म्हणाल्या, "नुसत्या फोटोवरून नाही सांगता येत. पोट उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं."

"एसपीचं प्रकरण हाय, पोस्टमॉर्टेम लागतेच!" गजाननभाऊ.

सलीमभाई हसले नाहीत. "पाटीसाठी त्याचा जीव घेऊ का मी?" म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

*

ईद तोंडावर आली. सलीमभाईंनी आपला सगळ्यात साफ फोटो पाठवला. ठिपके मोजून घ्या असा! उत्तर आलं, 'स्विफ्ट एसपी.'

"आता लावतोच!" म्हणाले, आणि त्याचीच पाटी रंगवून आणली. भाभींनी वाचली. दोन शब्द, म्हणजे नाव-आडनाव दोन्ही आलं. घड्याळ घरी राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात बसलो होतो. एक हवालदार टॉवेल घ्यायला आला. पाटी वाचून त्यानं आधी टोपी सरळ केली. मग फोटो जवळून पाहिला, लांबून पाहिला.

"एसपी साहेबाची स्विफ्ट? मंग गाडी कुठं हाय याच्यात?"

सलीमभाई टॉवेलाची घडी घालत म्हणाले, "उडून गेली!"