मामांचे दोन हात

पवना नदीच्या दोन्ही काठांवर एकाच वेळी उभा राहू शकणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. काळेवाडीत नुसती शेतं होती तेव्हापासूनचं हे घराणं. त्यात मामांना 'नाही' हा शब्द शिकवायचं राहूनच गेलं. निवडणुकीत त्यांच्या पुढच्या दारावर एका पक्षाचा झेंडा असतो, मागच्या दारावर दुसऱ्याचा, आणि तिसरा उमेदवार आलाच तर त्याला मामा गच्ची दाखवतात. लग्नात ते मुलाकडूनही रुसतात, मुलीकडूनही रुसतात आणि मग दोन्हीकडची समजूतही स्वतःच काढतात. नवरा-बायकोचं भांडण सोडवायला गेले की दोघांचंही म्हणणं त्यांना इतकं पटतं, की शेवटी नवरा-बायको एक होऊन मामांना हाकलतात. काळेवाडीतले निम्मे संसार असेच टिकलेत.

अशा माणसाच्या घरामागे नेमकी प्लेटिंगची शेड असावी, हा नियतीचा चावटपणा. नटबोल्टांना चकाकी चढवायची शेड ती. तिच्या ॲसिडच्या टाक्यांतून अशी आंबट वाफ उठायची, की मामींना आमटीत चिंच घालावी लागत नसे. गच्चीत वाळत टाकलेलं मामांचं धोतर संध्याकाळी इतकं पिवळं होऊन खाली यायचं, की जेजुरीहून आलेल्या एका पाहुण्यानं भंडाऱ्याचं समजून त्याला नमस्कार केला होता. पण मामांचा मुलगा त्याच शेडमध्ये सुपरवायझर, आणि अर्ध्या गल्लीच्या चुली तिच्याच जिवावर पेटायच्या. त्यामुळे मामा सकाळी 'शेड हटवा'च्या मोर्चात पुढे असत आणि दुपारी 'शेड वाचवा'च्या. रिक्षा तीच, भोंगा तोच.

"जावईबापू, दोन्ही खरं हाय," ते मला म्हणायचे. "एक खोटं असतं तर एकच मोर्चा पुरला असता."

मग मामांची नात खोकायला लागली. अजून शाळेतही न जाणारी पोर, पण खोकला असा की शेजारची भांडी वाजावीत. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. "बदला म्हंजी?" मामा म्हणाले. "हवा काय भाड्याची खोली हाय व्हय?"

तक्रारी वाढल्या तसे नगरसेवक जागे झाले. त्यांना एकही मत गमवायचं नव्हतं. शेड राहावी की चाकणला जावी, हे गावच्या जुन्या रिवाजानं मारुतीच्या देवळात हात वर करून ठरवा, लोक म्हणतील तसं मी वर बोलतो, असं सांगून ते मोकळे झाले. हात मोजले, तर बरोबरी. मामांनी राहण्यासाठी उजवा वर केला होता आणि जाण्यासाठी डावा.

"मामा, एकच हात चालतो," नगरसेवक म्हणाले.

"देवानं दोन दिल्यात."

"मग एक खाली घ्या."

"कंचा?"

लोक हसले. मामांनी समोर पाहिलं. खांबाला टेकून मुलगा उभा होता, नजर फरशीवर. मामांच्या मांडीवर नात होती. ती खोकली, थांबली, पुन्हा खोकली. हसणं विरलं. मामांनी उजवा हात हळूच खाली घेतला, तिच्या पाठीवर ठेवला आणि जन्मात पहिल्यांदा एक बाजू घेतली. "जाऊ द्या चाकणला."

शेड गेली. धोतर पांढरं राहू लागलं, मामींच्या आमटीत पुन्हा चिंच पडू लागली. मुलगा काही महिने रोज चाकणला जा-ये करत होता. पण मोशीच्या पुढचं ट्रॅफिक असं, की घरून दाढी करून निघालेला माणूस कंपनीत दाढी वाढवून पोचतो. शेवटी त्यानं तिथंच बिऱ्हाड केलं. परवडणारी खोली मिळाली ती नव्या शेडच्या मागे. बायको आणि पोर अर्थातच त्याच्याबरोबर गेली.

हल्ली भांडण सोडवायला बोलावलं तरी मामा जात नाहीत. दर रविवारी मात्र पहिल्या बसनं चाकण गाठतात आणि नातीला घेऊन येतात. गच्चीत तिला खाटेवर उभी करतात. "घे बाय, छाती भरून घे. शनवारपातूर पुरव." ती गाल फुगवून श्वास धरते. तिला एकटं वाटू नये म्हणून मामाही धरतात. संध्याकाळी तिला पोचवायला ते बसमध्ये चढतात, तेव्हा दोघांचेही गाल फुगलेले असतात.